उत्तमभाऊंचे रविवार

ये गं पल्लवी, अशी जवळ बस. पुण्यात असलीस तरी समज की माझ्या ओट्यावर बसली आहेस, आणि दोन्ही कान इकडे दे. दर वेळी तुझं एकच, "मावशी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तुझं ते 'नंतर' पुण्याहून निघतं आणि जळगाव जामोदला काही पोचत नाही. दिवाळीला येते म्हणालीस. संक्रांतीला येते म्हणालीस. डब्यातल्या लाडवांना मुंग्या लागल्या, तुझा पत्ता नाही. आणि परवा फोन केलास तो कशासाठी, तर हसायला! म्हणे, "मावशी, डेटाबेसमध्ये कोणती टेबलं आहेत हे मशीनलाच विचारायचं, हे तुला कोणी शिकवलं गं? आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना येत नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. बोलून सांगितलं तर मध्येच तोडशील, म्हणून लिहून पाठवते आहे. लिहिलेलं तरी तोडता येत नाही.

मला ते उत्तमभाऊंनी शिकवलं. उत्तम हिवराळे, वडनेर भोलजीचे. संस्थेच्या दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर होते आणि ते संगणकाचं सगळं बघायचे. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते वाचत, विचारत, चुकत आलं. त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.

दवाखान्यात ते पहिल्या दिवशी आले तेव्हा मला वाटलं, कोणी पेशंटच आहे. उन्हानं रापलेला, सडपातळ माणूस, खिशात कंगवा, हातात कापडी पिशवी. मशीनच्या खोलीच्या दाराशी चपला काढल्या. मी म्हटलं, "भाऊ, इथं राहू दिल्या तरी चालते." तर म्हणाले, "ताई, दुसऱ्याच्या घरात जाऊन राह्यलो ना." मग खुर्चीवर बसून मला विचारलं,

"या मशीनच्या पोटात काय काय हाय?"

"मले काय माहीत? केसपेपर असतील, दुसरं काय असन."

"कोणालेच माहीत नसते. म्हून माणसाले इचारायचं नाही. मशीनलेच इचारायचं."

आणि त्यांनी विचारलं. तुला हे माहीत आहे, पण हे वाचणारं दुसरंही कोणी असेल, म्हणून सांगते. डेटाबेस स्वतःच्या घराची नोंद स्वतःच ठेवतो. कोणतं टेबल आहे, कोणी केलं, त्यात कोणकोणते रकाने आहेत, सगळं. त्या नोंदीला ते सिस्टम कॅटलॉग म्हणायचे. तिला नीट प्रश्न टाकला की ती उत्तर देते. पण आधी मशीन आपलीच ढीगभर टेबलं समोर ओतते, ज्यांच्यावर ते स्वतः चालतं. मी घाबरले. ते म्हणाले, "हे त्याचे हाडं हायेत. हाडं नाही मोजायचे. माणसानं काय केलं तेवढंच माग." प्रश्नात एक ओळ वाढवली आणि हाडं गेली. राहिली ती माणसांनी केलेली टेबलं. 'पेशंट', 'पेशंट दोन', 'पेशंट नवीन', 'नवीन नवीन', आणि एकाचं नाव चक्क 'पुसू नका'.

ते पोट धरून हसले. "पाहा ताई, हा मानूस भित्रा. पुसाची हिंमत नाही, ठेवाची लाज वाटते. अन् हे 'नवीन नवीन' केलं ना, तवा त्याचं लग्न जमलं असन."

पल्लवी, आधीचा माणूस खरंच लग्न जमलं म्हणून नोकरी सोडून गेला होता. मी पदराआड हसले, आणि त्या दिवसापासून मशीनची भीती गेली.

जेवणाच्या सुट्टीत ते मला शिकवायचे. डब्यात ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. वहिनींनी भाजी दिली तरी ती आधी माझ्या पुढ्यात सरकवायचे. चहा बशीत ओतून प्यायचे, पण कपात शेवटचा घोट ठेवून. का, तर "चहा संपला की काम करा लागते." वहिनी कधी दवाखान्यात आल्या की म्हणायच्या, "कुसुमताई, घरात मीठ कोणत्या डब्यात हाय ते यायले माहीत नाही, अन् मशीनच्या पोटातलं सांगतात जगाले." ते मान खाली घालून म्हणायचे, "डब्याले इचारता येत नाही ना."

टेबल आणि व्ह्यू यातला फरक मला काही केल्या कळेना. एकदा ते माझ्या खिडकीबाहेर, पेशंटच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "ताई, इथून मले काय दिसते? तुमी, तुमच्या मागचं कपाट, भितीवरचं घड्याळ. खिडकीत यातलं काही ठेवलं हाय काय? नाही. मागं हाय ते दिसते. व्ह्यू म्हणजे ही खिडकी. तिच्यात दाणा नाही. दाणा टेबलात." मागे रांगेतली एक म्हातारी ओरडली, "ओ साहेब, तुमाले दिसून झालं असन तं आमाले पाहू द्या!"

दोन सवयी मात्र त्यांच्या पक्क्या. काहीही पुसायच्या आधी ते उठून ग्लासभर पाणी प्यायचे, सावकाश. पाणी पिता पिता चूक आठवते, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरी, ते कधीच मशीनच्या मालकाच्या नावानं काम करायचे नाहीत. तो मोठा पासवर्ड दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात बंद पाकिटात होता. उत्तमभाऊ आपल्या लहान लॉगिननंच सगळं करायचे. "मोठी किल्ली हातात असली की माणूस नको ते दार उघडते," म्हणायचे. सावध माणूस. त्यांच्याइतका सावध माणूस मी पाहिला नाही, आणि हेच सांगताना माझा हात थांबतो.

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून सिकलसेलची पोरं यायची. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकतात. पोर दुखण्यानं असं कळवळतं की आईला बघवत नाही. त्यांना वेळेवर बोलवावं लागतं, गोळ्या द्याव्या लागतात, कोणाला रक्त द्यावं लागतं. आमच्या लता सिस्टरनं त्या पोरांचं एक टेबल केलं होतं. कोण कोणत्या वस्तीवरचं, आईचं नाव काय, निरोप कोणाच्या मोबाईलवर द्यायचा, कोणाला कोणत्या औषधानं त्रास झाला. मुख्य पेशंटच्या टेबलात नुसतं नाव आणि वय. बाकीचं सगळं लताच्या टेबलात. पुढे लताची नोकरी दुसरीकडे लागली, ती गेली. तिची कागदं वाळवीनं खाल्ली. पण आम्हा सगळ्यांच्या पडद्यावर 'सिकलसेलची पोरं' अशी एक खिडकी उघडायची, पेशंटचं आणि लताचं टेबल एकत्र दाखवणारी. ती बघून आम्ही फोन लावायचो. चालत होतं.

मग नवीन मशीन आलं. जुनं संस्थेच्या शाळेला द्यायचं ठरलं. उत्तमभाऊंनी नेहमीसारखं मशीनला विचारलं, माणसांनी काय काय केलंय ते दाखव. उत्तर आलं. त्यातलं एकेक टेबल त्यांनी नव्या मशीनवर नेलं, दोन्हीकडच्या ओळी जुळवून पाहिल्या. खिडक्यांचा नुसता मजकूर, म्हणजे कोणत्या टेबलातलं काय दाखवायचं तेवढं, उतरवून घेतला. खिडकी वाहून न्यायची नसते, भिंत उभी राहिली की नव्यानं बसवता येते. बरोबरच होतं ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उत्तमराव, सगळं आलं ना?"

"हाव मॅडम. एकही नाही राह्यलं."

मग ते उठले, माठातलं पाणी प्यायले, सावकाश. आणि जुनं मशीन पुसलं.

नव्या मशीनवर खिडक्या बसवायला घेतल्या तेव्हा मी शेजारीच होते. एक बसली, दुसरी बसली. 'सिकलसेलची पोरं' बसेना. मशीन म्हणालं, असं टेबल इथं नाही. त्यांनी परत केलं. परत तेच. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही.

"काय झालं भाऊ?"

"ताई," ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "म्या मशीनले इचारलं. पण कोन इचारून राह्यलं, ते म्या पाह्यलं नाही."

मला तेव्हा कळलं नाही, नंतर त्यांनी समजावलं. कॅटलॉग खोटं बोलत नाही, पण विचारणाऱ्याला जेवढं पाहण्याचा हक्क आहे तेवढंच दाखवतो. बाकीचं आहे, असंही सांगत नाही. लताचं टेबल लताच्या नावावर होतं. खिडकी तिनं सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली, पण मागची कोठी तिच्या किल्लीची. उत्तमभाऊंच्या लहान लॉगिनला खिडकी दिसली, कोठी दिसली नाही. बॅकअपही त्याच लॉगिननं, त्याच यादीवरून घेतलेला. मोठ्या किल्लीनं एकदा विचारलं असतं तर दिसलं असतं. किल्ली कपाटात, पाकिटात, बंद.

डिस्क अकोल्याला पाठवली. तिथल्या माणसानं हात वर केले. लताला फोन केला. तिला काही वस्त्या आठवल्या, काही आया आठवल्या, मग ती रडायलाच लागली, "मले सगळे पाठ होते हो तवा." डॉक्टरीणबाई उत्तमभाऊंना रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उत्तमराव, चूक माणसाकडूनच होते."

"मॅडम," ते म्हणाले, "माही चूक मशीनमधी राह्यली असती तं झोप लागली असती. ते पोट्ट्यायच्या अंगात गेली."

आमच्याकडे नावं होती आणि वयं होती. कोण कुठे राहतं ते नव्हतं. काही पोरं आपणहून येत होती, त्यांचं लिहून घेतलं. पण जी फोन गेल्यावरच यायची, ती यायची थांबली.

त्यानंतरच्या रविवारी उत्तमभाऊ पहिल्या गाडीनं पायथ्याच्या वस्त्यांवर गेले. मग दर रविवारी. कोणी सांगितलं नव्हतं, भत्ता मागितला नाही. बाजाराच्या गावी बाजारात उभे राहायचे, तिथून कोणी सांगेल त्या वस्तीवर पायी. बाया त्यांच्याशी बोलेनात. अनोळखी माणूस पोरांची नावं विचारतो म्हटल्यावर दार लोटून घ्यायच्या. म्हणून कधी कधी मी जायची. माझे गुडघे तेव्हा जरा बरे होते.

अशाच एका रविवारी गाडीत मी त्यांना म्हटलं, "भाऊ, न दिसणारं माणसाले दिसणार कसं? तुमचा काय दोष?" ते खिडकीबाहेरच्या तुरीकडे बघत होते. तसेच म्हणाले, "ताई, माह्या आज्याचं घर गावच्या नकाशावर नव्हतं. नकाशा संपे, त्याच्या पल्याड आमचा वाडा. चूल तं पेटे ना तिथं? नकाशात नाही म्हून आमी नव्हतो काय? हे दुसऱ्या कोणाले कळलं नसतं तं चालते. मले कळाले पायजे होतं."

मी पिशवीतली बोरं पुढे केली. त्यांनी एक घेतलं.

त्या दिवशी आम्हाला सुनीलचं घर सापडलं. त्याची आई अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. मी दवाखान्याचं नाव सांगितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. उत्तमभाऊंनी विचारलं, "सुनील कुठी हाय बाई?"

ती शांतपणे म्हणाली, "सुनील गेला ना. पावसात गेला. लय दुखत होतं त्याले." मग माझ्याकडे बघून, "सिस्टरबाई म्हणे, फोन येईन तवा आना. मी बाजूवाल्याचा मोबाईल रोज पाहो. तुमचा फोन नाही आला."

तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं नाही. पाऊस नाही आला म्हणावं, तसं. उत्तमभाऊंचा पेन हातातच राहिला. तिनं आत जाऊन पाणी आणलं, त्यांच्या हातात लोटा दिला आणि विचारलं, "तुमी डाक्टर काय?"

"नाही बाई," ते म्हणाले. "फोन नाही आला ना, तो माह्यापायी."

 मला वाटलं, आता ती काही बोलेल. ती म्हणाली, "पानी प्या." ते प्यायले. सावकाश, लोटा रिकामा होईपर्यंत. उठताना तिनं माझ्या पिशवीत अंबाडीची एक जुडी कोंबली. नको म्हणायची आमची छाती झाली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोन गेला असता तरी ते पोर वाचलंच असतं असं सांगता येत नाही. उत्तमभाऊंनी मान हलवली. रविवारी पहिल्या गाडीला होतेच.

हळूहळू पोरं सापडत गेली. सोमवारी सकाळी ते खिशातली चिठोरी काढून ओळी भरायचे. आता टेबल सगळ्यांना दिसेल असं केलं होतं, आणि मशीनला विचारताना मोठ्या किल्लीनंही विचारायचं, हे त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. फोन परत जायला लागले. रांगेत एखादं ओळखीचं पोर दिसलं की ते मशीनच्या खोलीतून बाहेर यायचे, लांबूनच बघायचे आणि परत जायचे. कधी जवळ गेले नाहीत. एकदा एका आईनं त्यांच्या पायावर पोर घालायला घेतलं, तर हा माणूस मागच्या दारानं पळाला!

पण हसणं कमी झालं होतं. टेबलांच्या नावांवरून माणसं ओळखायचा खेळ बंद झाला. वाळले. चढावर पळसाच्या झाडाला धरून उभे राहायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की उगाच फुलांकडे बोट दाखवायचे. वहिनी एकदा केसपेपरच्या रांगेत उभ्या राहून माझ्याकडे आल्या. "यायले तुमी सांगा ताई, माहं ऐकत नाहीत. एक रविवार घरी राह्यले तं घर काय खाऊन टाकते यायले? रात्री छातीवर हात ठेवून बसून राह्यतात." मी सांगितलं. चांगली रागावले. डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं, तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात.

"ताई, एकच पोट्टी राह्यली आता. सुगंती. ते सापडली की रविवारी दुपारपर्यंत झोपतो, अन् घरच्या सगळ्या डब्यात काय हाय ते पाठ करतो. घरी सांगा तसं."

सुगंती. वय सहा लिहिलेलं, म्हणजे आता बरीच मोठी झाली असेल. तिचे आईबाप कामासाठी बऱ्हाणपूरकडे जातात, एवढंच एका वस्तीवर कळलं होतं. घर त्याच वस्तीवर की पलीकडच्या, त्यावर कोणाचं एकमत नव्हतं.

ती वस्ती पुन्हा पालथी घालून परत येताना उत्तमभाऊ गाडीची वाट बघत थांब्यावर बसले, ते उठलेच नाहीत. गाडी आली, कंडक्टरनं हाक मारली. झोपले असतील असं वाटलं लोकांना.

त्याच सकाळी मी त्यांना पाहिलं होतं. मी बसस्टँडसमोर भाजी घेत होते. गाडी लागलेली, गच्च भरलेली. आतून हाक आली, "ओ ताई!" आधी दिसेचनात. एका म्हातारीचं गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, त्याच्यावर आपली पिशवी, आणि त्या सगळ्याच्या वर नुसतं कपाळ आणि डोळे. नीट भांग पाडलेला.

"मेथी कशी हाय?"

"पिवळी पडेल हाय जराशी!" मी ओरडले.

"मंग नका घेऊ! मी येताना आनतो तिकडून, ताजी भेटते!"

शेजारची म्हातारी त्यांना काहीतरी म्हणाली, ते हसले. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. काय म्हणाली ती, देव जाणे. गाडी हलली आणि गाठोड्याआडून एक हात वर आला. मी जुडी परत ठेवून दिली.

पल्लवी, सुगंतीची ओळ अजून रिकामी आहे. मी आता नोकरीत नाही, पण फोन करून विचारते, नव्या मुलीला सांगते, बघ गं एकदा. ती म्हणते, रिकामीच आहे मावशी. पण होळीला बाहेर गेलेली सगळी माणसं वस्तीवर परत येतात. बऱ्हाणपूरकडची, सगळी. तेव्हा घराघरात विचारता येईल. चढावर मला आता एकटीनं जाववत नाही, आणि वहिनी म्हणतात मीही येते, पण त्यांना सांभाळायला कोणी हवं. तुझे पाय तरणे आहेत आणि तुझ्याशी बाया बोलतील. मीटिंग कोणाला तरी दे. होळीच्या आधीच्या शनिवारी इकडे पोच, रविवारी पहाटे पहिली गाडी निघते. मी भाकरी बांधून ठेवते. ये बाई लवकर.